आईचं माहेर

मैत्रिणींनो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की तुम्ही आजोळी जात होता ना? आमच्या खामगावातल्या माझ्या वर्गमैत्रिणीही मेहकर, चिखली, नांदुऱ्याला जायच्या आणि आंब्यांच्या, विहिरीत पोहण्याच्या गोष्टी घेऊन यायच्या. मला मात्र आजोळच नव्हतं. आमची अम्मा मूळची सिंधमधल्या हैदराबादची. फाळणीनंतर, १९४७ च्या अखेरीस, कराचीहून बोटीने मुंबई, तिथून कल्याणची निर्वासितांची छावणी, आणि मग जलंबला गाडी बदलून खामगाव. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. एवढंच आम्हाला ठाऊक, तेही वडिलांकडून!

पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले, पण एकेक तुकडा तरी इकडे राहिला. सिंध प्रांत मात्र सगळाच पलीकडे गेला. शाळेत राष्ट्रगीत म्हणताना 'सिंध' हा शब्द मी रोज म्हणे. तो आपल्या आईचा मुलूख, असं कधी मनातही येत नसे. घरात मोठी माणसं सिंधी बोलत, पण आम्हा मुलांशी अम्मा मराठीच बोले. "तुम्हाला इथंच राहायचंय ना?" म्हणे. कढी, साईभाजी, कोकी सगळं ताटात येई. गावाचं नाव काही ओठांवर येत नसे.

१९९७ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली. आमच्या महिला मंडळात एकपात्री प्रवेश करायचे ठरले. मी घर सोडून निघालेल्या सिंधी मुलीची भूमिका घेतली. अम्माला चार वेळा विचारून पाहिलं, ती उठून स्वयंपाकघरात जायची. शेवटी म्हटलं, "सांगू नकोस. मला एक लाडा तेवढा शिकव." लाडा म्हणजे सिंधी लग्नांत बायका म्हणतात ते गाणं.

मग काय! गव्हाचं ताट बाजूला सारून अम्मा बसली की हो शिकवायला. सिंधीत ग, ज, ड, ब यांची वेगळी भावंडं आहेत, बरं का. ती म्हणताना हवा बाहेर सोडायची नाही, आत ओढायची. माझी बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवून ती म्हणाली, "इथं बघ. श्वास आत घे." त्या चार अक्षरांना मला आठ दिवस लागले.

तालीम बघता बघता ती मध्येच म्हणाली, "मुलगी मान खाली घालून निघाली नव्हती. ती वर बघत होती."

"वर काय होतं, अम्मा?"

"मंघ."

हैदराबादच्या घरांच्या छपरांवर नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे तोंड केलेली धारी असत, तो वारा खाली खोल्यांत उतरवणारी. तेच मंघ. निघताना आमच्या घरचा मंघ उघडाच राहिला होता. "धूळ आत येणार," म्हणून तिला काळजी! पन्नास वर्षांनी मला कळलं, वैशाखात आमची अम्मा गच्चीवर इतकी का रेंगाळते.

कार्यक्रमात मी निघताना वर पाहिलं आणि लाडा म्हटला. चहाच्या वेळी शेजारच्या काकू अम्माजवळ येऊन बसल्या. "तुमच्या माहेरी कसं होतं वं बाई?" खामगावात हे तिला कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. अम्मा थोडं थांबून म्हणाली, "वारा फार होता." आणि मग बोलतच राहिली.

आता अम्मा नाही. मी वऱ्हाडातलीच, माझी भाकरी, माझी भाषा इथलीच. पण कुणी आजोळ विचारलं तर आता गाव सांगते, आणि तिथलं एक गाणंही म्हणून दाखवते.

तुमच्याही घरात अशी एखादी गप्प आई, सासू असेल. कुणाचं गाव धरणाखाली गेलं असेल, कुणाचं दुष्काळात सुटलं असेल. तिला प्रश्न विचारून भंडावू नका. तिच्याजवळ बसा, एखादी ओवी, एखादं लग्नातलं गाणं शिकवायला सांगा. शिकवता शिकवता बाई आपोआप बोलू लागते. मात्र हे पुढच्या सुट्टीवर टाकू नका.