दोष शोधायची रीत

कोल्हापूरचा पाऊस म्हणजे आम्हा लाइनमनची परीक्षा. केबलच्या जोडात पाणी शिरले की सगळी गल्ली मुकी. १९८ वर तक्रारींचा ढीग! एक्स्चेंजमधून तांब्याच्या जोडीवर ४८ व्होल्ट सोडलेले असत. मध्येच तपासायचे: तिथे आवाज मिळाला, तर दोष पुढे, नाही तर मागे. तेवढ्यात कुणाचा फोन आला, तर ओल्या हाताला घंटीचा झटका बसे. फोन लागला की घरची म्हातारी आधी मुंबईच्या लेकाशी बोले. आमचा शीण उतरे.

१ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल झाले. ३१ जानेवारी २०२० ला तिथले सुमारे ७८ हजार जण एकदम स्वेच्छानिवृत्त झाले. तांब्याच्या जागी काचेचा तंतू आला. पोरांनो, आता विजेऐवजी उजेड तपासायचा, रीत तीच. ती शिकून घ्या.