पडद्यावरचे बेलवलकर

काविळीने अंथरूण धरलं होतं. त्या लांबलेल्या दुपारी मी महेश मांजरेकरांचा 'नटसम्राट' पुन्हा पाहिला, २०१६चा. भेटायला येणारा प्रत्येकजण त्यावर काहीतरी बोलून जाई. आत्याला चित्रपट मुळीच रुचलेला नाही. चित्रपट ज्यावर बेतला आहे ते शिरवाडकरांचं नाटक १९७०मध्ये आलं, आणि पुढे तिने डॉ. लागूंचे गणपतराव बेलवलकर रंगमंचावर पाहिले. तिच्यासाठी विषय तिथेच संपतो. भाच्याला मात्र नाना पाटेकरांचे गणपतराव आणि विक्रम गोखल्यांचे रामभाऊ समोरासमोर येतात ते प्रसंग पाठ आहेत. मूळ नाटकात रामभाऊ नाहीतच, हे सांगितल्यावर तो खट्टू झाला. मला वाटतं, ती भर चित्रपटाची खरी कमाई आहे.

माझं मन अडकतं ते नानांच्या चेहऱ्यावर. कॅमेरा इतका जवळ जातो की हलणारी पापणी, ओठांचा कंप, सगळं दिसतं. नाट्यगृहात मागच्या रांगेतून एवढं कधीच दिसलं नसतं. तिथे दुःख आवाजातून यायचं, उरलेलं आपण भरायचो. ते भरणं मला हवंसं वाटतं. तरीही त्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. दोन्ही खरं आहे, आणि मला त्यातलं एक निवडता येत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. एवढ्या गप्पांत गणपतरावांच्या पत्नीबद्दल, कावेरीबद्दल कुणीच बोललं नाही. ते जिला 'सरकार' म्हणतात, ती सारं निमूट सोसते आणि आधी जाते. आत्याला विचारायला हवं, रंगमंचावरची कावेरी तिला किती आठवते.