अंधारातलं वाळवण

ऑन्टॅरिओत सप्टेंबर सरता सरता चार कोरडे दिवस मिळाले की गांजा कापून घ्यावा. पुढे पाऊस लागला तर जाड तुऱ्यांच्या पोटात करडी बुरशी धरते आणि वरून पत्ताही लागत नाही. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, घरटी चार झाडं लावायची मुभा आहे. लागवडीबद्दल लोक भरभरून बोलतात. वाळवण मात्र उरकून टाकतात. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण सहा महिने जपलेलं पीक त्या दोन-तीन आठवड्यांत हातचं जातं.

मी मूळचा नगरकडचा. वाळवण म्हटलं की डोळ्यांसमोर कडकडीत ऊनच येतं: मिरच्या, सांडगे, कुरडया. ती सवय इथे मोडावी लागते. फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये गांजाच्या साठवणीवर संशोधन केलं, १९७६ साली ते छापून आलं. गुण उतरायला सगळ्यांत मोठं कारण उजेड ठरला. नीट तयार केलेला माल अंधारात, घरातल्या साध्या तापमानाला वर्ष-दोन वर्षं बऱ्यापैकी टिकला.

म्हणून माझ्या फांद्या बेसमेंटमध्ये, अंधारात उलट्या टांगलेल्या असतात. तापमान १५ ते २० अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के. पंख्याचं तोंड भिंतीकडे: हवा हलती राहावी, पण झोत तुऱ्यांवर येऊ नये. उष्णतेने सुगंधी तेलांतली हलकी तेलं आधी उडतात. शिवाय कापलेल्या फांदीतल्या पेशी लगेच मरत नाहीत, त्यांचं काम काही काळ चालू असतं. घाईने वाळवलेला तुरा कोरडा होतो, पण त्याला गवताचा वास राहतो आणि धूर घशाला ओरबाडतो. वजन किती घटतं? कॅनडाचा कायदाच १ ग्रॅम वाळलेला माल ५ ग्रॅम ताज्याच्या बरोबरीचा धरतो. एवढं पाणी सावकाश जायला दहा-बारा दिवस द्यावेतच.

बारीक काडी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती लवली तर अजून थांबायचं. मग तुरे काचेच्या बरणीत, पाऊण भाग भरून. वरून खडखडीत लागणारा तुरा दुसऱ्या दिवशी मऊ लागतो, कारण आतली ओल बाहेर सरकलेली असते. मुरणं सुरू होतं ते इथून. पहिला आठवडा रोज झाकण उघडून हवा बदलायची. बरणीत छोटा आर्द्रतामापक ठेवतो, काटा ५८ ते ६२ च्या मध्ये हवा. अमोनियासारखा उग्र वास आला तर माल ओला भरला गेलाय. लगेच कागदावर पसरायचा. बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा खुडून बाकीचा ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. फुप्फुसं आधीच अशक्त असलेल्या माणसाला ही बुरशी जिवावर बेतू शकते. अख्खी बरणी फेकावी.

१८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल वाचताना मी नगरच्या उल्लेखावर थबकलो. त्या काळी मुंबई इलाख्यात गांजाचं पीक मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात निघे. बंगालमधल्या नौगावचं वर्णन तर किती बारकाईने केलंय! तिथले शेतकरी माल उन्हात सुकवत, पण पायांनी तुडवून, थरावर थर रचून चपटा करत. मला वाटतं, त्यातच त्यांचं शहाणपण होतं: राळ एकमेकांना चिकटून राही आणि उजेड वरच्या थरालाच लागे. त्या हातांची नावं अहवालात नाहीत, याची मला चुटपुट लागते. आज भारतात १९८५ च्या कायद्याने तुरे बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे गावाकडे कुणाला हे करून बघा असं मी सांगत नाही.

बरण्या कुलपाच्या कपाटात, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा. प्रत्येकीवर कापणीची तारीख. महिनाभरानंतर आठवड्यातून एकदा उघडलं तरी पुरतं. तेव्हाही वास घेण्याआधी मी काटा बघतो. ६५ च्या वर गेला असेल तर तुरे पुन्हा कागदावर.