ठेव लोकांची, कुलूप माझं

सहकारी पतसंस्थांचं लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि सहकार कायद्याप्रमाणे पुढच्या चार महिन्यांत ऑडिट पूर्ण व्हावं लागतं. त्यामुळे एप्रिल ते जुलै मी नगरमध्ये कमी आणि शेवगाव, पाथर्डी, नेवासा, राहुरीच्या रस्त्यांवर जास्त असते.

या दिवसांत माझ्या लॅपटॉपमध्ये ठेवीदारांच्या आणि थकबाकीदारांच्या याद्या असतात, आधार-पॅनचे स्कॅन असतात, जामीनदारांचे सातबारे, सोनेतारणाच्या पावत्या, खात्यांचे उतारे असतात. मुलीच्या लग्नासाठी कुणी किती पैसे बाजूला ठेवलेत, कुणाचं कर्ज थकलंय, कुणाला जप्तीची नोटीस गेली आहे, हे त्या माणसाच्या शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. मला असतं. संस्थेने विश्वासाने दप्तर उघडून दिलेलं असतं, म्हणून असतं.

या माहितीला कुलूप लावायची गरज मला एका दुरुस्तीच्या दुकानात कळली. जुना लॅपटॉप चालू होईना, म्हणून त्यातल्या फायली नव्यात घ्यायला मी सावेडीत गेले होते. दुकानातल्या मुलाने मशीन पालथं घातलं, स्क्रू काढले आणि तळाचं झाकण नखाने उचकटलं. आत बोटाएवढी पातळ पट्टी एकाच स्क्रूने धरून ठेवलेली होती. तीच एसएसडी. ती त्याने एका छोट्या केसमध्ये बसवली, वायर आपल्या संगणकाला जोडली आणि पडद्यावर माझे फोल्डर ओळीने उभे राहिले, संस्थांच्या नावांसकट. मी विचारलं, “पासवर्ड कसा नाही मागितला?” तो म्हणाला, “ताई, तो पासवर्ड विंडोजचा. डिस्क बाहेर काढली की त्याचा काही संबंध नाही.”

नव्या मशीनमध्ये फायली टाकण्याआधी मी तिथेच बसून बिटलॉकर चालू करून घेतलं. यात डिस्कवरचा सगळा मजकूर सांकेतिक रूपात लिहिला जातो आणि तो उलगडण्याची चावी मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपच्या राखणीत राहते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर चावीशिवाय एक अक्षरही वाचता येत नाही. ही सोय विंडोजच्या प्रो आवृत्तीत मिळते. होम आवृत्तीत, मशीनची तयारी असेल तर, सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सापडतं. मॅकमध्ये हेच काम फाइलव्हॉल्ट करतं, लिनक्समध्ये लक्स. यातलं काहीच नसेल तर व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. माझी आवृत्ती प्रो असल्याने मशीन सुरू होतानाच पिन मागेल, अशीही व्यवस्था मी केली.

बिटलॉकर चालू करताना 48 अंकी रिकव्हरी की मिळते. ती मी कागदावर छापली आणि घरी कपाटात, घराच्या खरेदीखताच्या पाकिटात ठेवली. लॅपटॉपच्या बॅगेत ती ठेवणं म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून ठेवण्यासारखं झालं असतं. पुढे एकदा पाथर्डीतल्या संस्थेत ऐन कामात मशीनने बायोस अपडेट घेतलं आणि निळ्या पडद्यावर तीच की मागितली. मी घरी फोन लावला. मुलगा कागद हातात धरून सहा-सहा आकड्यांचे गट वाचत होता, “आई, हा गट झाला, आता पुढचा घे,” आणि मी एकेक आकडा भरत होते. समोर व्यवस्थापक वाट बघत उभे. शेवटचा गट भरला आणि मशीन उघडलं. तो कागद हाताशी नसता तर मशीन माझ्यासाठीही बंदच राहिलं असतं.

चोरी झाली ती जून महिन्यात. शेवगावहून नगरला येताना रस्त्याकडेच्या हॉटेलसमोर गाडी उभी करून चालक आणि मी चहाला उतरलो. परत आलो तर मागच्या दाराची काच फुटलेली, सीटभर चुरा आणि बॅग गायब. डिजिटल सहीचं टोकन पर्समध्ये माझ्याजवळ होतं. लॅपटॉप निघताना पूर्ण बंद केलेला होता, आणि हे महत्त्वाचं आहे. नुसतं झाकण मिटलं की बहुतेक मशीन झोपतं, पण चावी मेमरीत तशीच राहते. मेमरीच्या चिपा थंड करून अशा चाव्या बाहेर काढता येतात, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्येच दाखवलं होतं. म्हणून प्रवासात मी मशीन शटडाउनच करते.

पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवली. बिल आणि खोक्यावरचा सीरियल नंबर घरी जपलेला होता, तो कामी आला. मोबाइल चोरीला गेला तर आयएमईआय नंबरवरून तो सरकारी पोर्टलवर ब्लॉक करता येतो. लॅपटॉपला तशी सोय नाही. त्यामुळे त्याच रात्री मुलाच्या संगणकावरून ईमेल आणि इतर खात्यांचे पासवर्ड बदलले, चोरलेल्या मशीनवरची लॉगिन बंद केली. बॅकअपची हार्ड डिस्क घरी होती. तीही एन्क्रिप्ट केलेली. तिच्यावरूनच पुढचं काम सुरू झालं.

मग प्रत्येक संस्थेला फोन केला आणि लेखीही कळवलं: कोणत्या याद्या मशीनमध्ये होत्या, डिस्क कशी बंद होती, फिर्याद कुठे दिली. एका संस्थेचे वयस्कर चेअरमन, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते म्हणाले, “मॅडम, मशीन गेलं ते गेलं. आमच्या सभासदांचे कागद तर फिरायचे नाहीत ना कुठं?” मी त्यांना सांगू शकले, “नाही आप्पा, चोराच्या हाती यंत्र लागलंय, कागद नाही.” लॅपटॉप आजवर सापडलेला नाही. पण ते उत्तर देताना माझा आवाज अडखळला नाही.

आमच्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, अशी त्या गावाची ख्याती आणि त्यामागे शनिदेवावरची श्रद्धा. 2011 मध्ये तिथे युको बँकेने शाखा उघडली. गावाच्या रिवाजाला मान म्हणून दिसेल असं कुलूप लावलं नाही, पण काचेचं दार बसवलं आणि नजरेत न येणारं चुंबकीय कुलूपही. मला त्या बँकेचं वागणं पटतं. आपल्या घराला दार नको, हा ज्याचा त्याचा विश्वास. परक्याची ठेव सांभाळायला घेतली की बंदोबस्त करावाच लागतो. ऑडिटरचा लॅपटॉपही अशीच परक्याची ठेव सांभाळत असतो.

बंदोबस्त नसला की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत घडलं. मे 2006 मध्ये तिथल्या माजी सैनिक विभागातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि हार्ड डिस्क चोरीला गेली. त्यात सुमारे 2 कोटी 65 लाख माजी सैनिक आणि इतरांची माहिती होती, एन्क्रिप्ट न केलेली. सुमारे दोन महिन्यांनी यंत्रं परत मिळाली आणि माहिती कुणी उघडली नसावी, असं तपासात आढळलं. तरी दावे झाले आणि 2009 मध्ये सरकारला 2 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीपणाला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण मला दंडापेक्षा गाव जास्त महत्त्वाचं वाटतं. थकबाकीची एक यादी व्हॉट्सअॅपवर फिरली तर कुणाच्या तरी घरची सोयरीक मोडू शकते.

पतसंस्थांच्या संचालकांना, सचिवांना माझी विनंती आहे. यंदा ऑडिटर दप्तर मागायला आला की आधी त्याला विचारा: तुमच्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का? रिकव्हरी की कुठे ठेवली आहे? बॅकअपलाही कुलूप आहे का? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सभासदांची एकही यादी पेन ड्राइव्हवर देऊ नका. मलासुद्धा.