आपाला कुणी विचारलं नव्हतं

अम्मीचा चाळिसावा झाला, पाहुणे पांगले आणि त्याच संध्याकाळी आम्ही तिघे भाऊ, दोन्ही भाभी आणि मामू बैठकीच्या खोलीत बसलो. विषय एकच होता. आपाचं काय करायचं?

ही २००९ सालची गोष्ट. आपा आमच्यात सगळ्यांत थोरली. दुसऱ्या वर्षी ताप आला आणि दोन्ही पाय गेले. पोलिओ. तेव्हापासून अम्मीच तिचे हातपाय होती. आता अम्मी नव्हती. मामूंनी तोडगा काढला, वर्षाचे बारा महिने, भाऊ तीन, प्रत्येकाकडे चार-चार महिने. हिशोब इतका सरळ होता की सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. एवढंच नाही, मी म्हणालो, "उन्हाळ्याचे चार महिने माझ्याकडे ठेवा, माझं घर थंड आहे." मला त्यात माझा मोठेपणा वाटला होता.

आपा आतल्या खोलीत लसूण सोलत होती. मधे फक्त एक पडदा. ती हातांवर सरकत उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "विहिरीच्या पाण्याची पाळी लावताय का? आणि ती लावताना निदान विहिरीला तरी विचारायचं!"

आमच्या घरची बोली दखनी. पण आपा फार रागावली की मराठीत बोलते. शाळेचे तीन जिने तिला चढता आले नाहीत, म्हणून तिचं सगळं शिक्षण रेडिओवर आणि अब्बांनी वाचनालयातून आणलेल्या मराठी पुस्तकांवर झालं. त्या दिवशी ती बराच वेळ मराठीत बोलली.

आम्ही वाईट भाऊ होतो असं मला आजही वाटत नाही. गावात कुणीही सांगेल, आपाला आम्ही फुलासारखं जपलं. लग्नकार्याला जमातखान्यात सात पायऱ्या, म्हणून तिला घरीच ठेवायचो आणि तिच्या वाटणीची बिर्याणी डब्यात भरून आणायचो. पाहुणे आले की तिला आत बसवायचो, लोकांच्या नजरा नकोत म्हणून. रमजानमध्ये कुणीतरी येऊन तिच्या हातावर जकातीची नोट ठेवून जायचं. ती शिवणकाम करून स्वतःच्या कमाईतून खुद्द फित्रा काढते, हे त्या माणसाच्या डोक्यातही यायचं नाही. ती नोट ती मुकाट्याने शेजारच्या बेवा चाचीला द्यायची. या सगळ्याला आम्ही माया म्हणत होतो. ती मायाच होती. फक्त त्या मायेत आपाला एकदाही काही विचारलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने सांगितलं की तिला कुणाकडेच राहायचं नाही. तालुक्याच्या गावी तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि तिथे राहायचं. एकटीने नाही, आणखी दोघींबरोबर. एक बँकेत नोकरी करणारी, जिला दिसत नाही, आणि दुसरी आपासारखीच पोलिओची, पण कुबडी घेऊन चालणारी. तिघींचं फोनवर आधीच ठरलेलं होतं. अम्मीच्या आजारपणात ती गप्प राहिली होती, इतकंच.

मामू म्हणाले, "लोक काय म्हणतील? तीन भाऊ असून बहीण भाड्याच्या खोलीत?" आपा म्हणाली, "लोक आत्ता काय म्हणतात ते तरी मला कुठे ऐकू येतं, मामू? मी आत असते."

हे धाडस तिच्यात कुठून आलं, याचं उत्तर काही अंशी माझ्याकडेच होतं. काही वर्षांपूर्वी मीच तिला नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन आणून दिलं होतं. आपल्यातली एक बाई इतकं करते याचा मला अभिमान वाटला होता. मी ते अभिमानाने वाचलं, आपाने ते नकाशासारखं वाचलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नसीमाताई कोल्हापूरच्या. ऐन सोळा-सतरा वर्षांच्या असताना कमरेखालचं शरीर लुळं पडलं. निराशेच्या त्या काळात त्यांची गाठ बाबूकाका दिवाण यांच्याशी पडली. ते स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते आणि तरी आपला व्यवसाय चालवत होते. धीर देणारे डॉक्टर आणि नातेवाईक नसीमाताईंना पुष्कळ भेटले असतील, पण त्यांना उभं केलं ते स्वतः बसून असलेल्या माणसाने. पुढे त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली सहकाऱ्यांसोबत कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. मुलांसाठी 'घरौंदा' वसतिगृह उभं राहिलं. शाळा काढली, तिच्यात अपंग आणि धडधाकट मुलं एकाच वर्गात शिकतात. सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' वसली, तिथे काजूप्रक्रियेचं काम सुरू झालं. या कामात हिंदू-मुसलमान, अपंग-सुदृढ सगळे होते. पण आपाने माझ्याजवळ बोट ठेवलं ते एकाच गोष्टीवर, "संस्थेच्या खुर्चीवर बसलेली बाई स्वतः चाकाच्या खुर्चीवर आहे. बाकीच्या संस्थांत आपण फोटोत पुढे असतो आणि मीटिंगमध्ये बाहेर."

हाच मुद्दा जगभर अपंगांनीच पुढे आणला आहे. अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात १९६२ साली एड रॉबर्ट्स नावाचा तरुण शिकायला गेला. पोलिओमुळे तो मानेखाली जवळजवळ लुळा होता आणि श्वासासाठी त्याला मोठं लोखंडी यंत्र लागायचं. ते वसतिगृहात मावेना, म्हणून त्याची राहण्याची सोय विद्यापीठाच्या दवाखान्यात झाली. हळूहळू तिथे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले आणि १९७२ साली बर्कलीत अपंगांनी स्वतः चालवलेलं स्वतंत्र जीवनाचं केंद्र उभं राहिलं. मदतनीस शोधून देणं, राहण्यासाठी सोयीचं घर मिळवणं, खुर्ची दुरुस्त करणं अशी रोजची कामं ते करत. स्वातंत्र्याचा त्यांचा अर्थ मला फार आवडतो. सगळं स्वतःच्या हाताने करणं हे स्वातंत्र्य नव्हे. कधी उठायचं, काय खायचं, कुणाच्या हाताने आंघोळ करायची हे स्वतः ठरवणं, हे स्वातंत्र्य.

आपल्या देशात हे काम दिल्लीत जावेद आबिदी यांनी केलं. तेही चाकाच्या खुर्चीवर होते. डिसेंबर १९९५ मध्ये अपंग स्वतः दिल्लीच्या रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात संसदेत अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा मंजूर झाला. पुढे २०१६ साली नवा कायदा आला, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. २०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग नोंदले गेले. हा आकडा ऐकून आपा म्हणाली, "यात आतल्या खोलीतले किती सुटले असतील?"

तर, आपा गेली. पहिले सहा महिने मी दर रविवारी जायचो, कधी हे फसतं ते बघायला. आज कबूल करतो, थोडं फसावं असंही मनात होतं.

फसलं नाही. तिघींनी कामं वाटून घेतली होती. दिसत नाही ती पायाने पक्की, म्हणून बाजार, दळण आणि सिलेंडरवाल्याशी भांडण तिच्याकडे. आपाकडे डोळ्यांचं काम, म्हणजे पत्रं, बिलं, औषधांवरच्या तारखा. तिसरीकडे हिशोब आणि स्वयंपाक. ओटा बसून हात पोचेल इतका खाली घेतला, संडासात दोन्ही बाजूंना धरायला पाइप बसवले. सकाळी दोन तास कामाला एक मुलगी येते, तिचा पगार तिघी मिळून देतात. तिने कधी यायचं हे अम्मी नाही, भाभी नाही, आपा ठरवते. घरात नमाजही होते आणि देवघरही आहे, कारण तिसरी आमची मराठा मैत्रीण आहे. कुणाला अडचण झाल्याचं मी ऐकलं नाही.

मग हळूहळू लोक दाराशी येऊ लागले. आधी एक आई आली, मतिमंद मुलाला घेऊन. तिला अपंगत्वाचा दाखला काढायचा होता. आपाने स्वतःचा दाखला काढताना सगळे हेलपाटे घातलेले, त्यामुळे कोणता कागद कुठे अडतो हे तिला पाठ. चाळीस टक्क्यांखाली आकडा आला तर सवलती मिळत नाहीत, म्हणून जुने सगळे रिपोर्ट बरोबर घेऊन जा, हे ती आधीच सांगते. आता युडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, तो ती मोबाइलवर भरून देते. संजय गांधी निराधार योजनेचे कागद, दरवर्षीचा हयातीचा दाखला, सगळं. एका कचेरीत अपंगांचा विभाग पहिल्या मजल्यावर होता. आपा खाली बसून राहिली आणि निरोप पाठवला, "साहेबांना खाली येता येतं, मला वर जाता येत नाही." साहेब आले. चार-पाच वेळा खाली यावं लागल्यावर टेबलच खाली आलं.

लॉकडाऊनमध्ये त्या घराची खरी किंमत कळली. रोज सकाळी तिघी आपापल्या वहीतल्या माणसांना फोन लावायच्या. औषध आहे का? मदतीला येणारी बाई थांबली असेल तर शेजारी कोण आहे? गोळ्या कुणाच्या, कॅथेटर कुणाला हवा, सगळं वहीत. मोटारसायकलवरून पोचवायला आमच्या मोहल्ल्यातली पोरं. मीही त्यात होतो. आयुष्यात पहिल्यांदा आपा सांगत होती आणि मी ऐकत होतो.

त्याच पोरांनी नंतर जमातखान्याला उतार बांधायचं मनावर घेतलं. वर्गणी काढली, आठवड्यात सिमेंट ओतलं आणि आपाला उद्घाटनाला बोलावलं. तिने खुर्ची खाली थांबवली, वर बघितलं आणि म्हणाली, "यावरून वर जाणारा थेट जन्नतीत आणि खाली येणारा थेट कब्रस्तानात." पोरं आधी हसली, मग ओशाळली. उतार घसरगुंडीसारखा उभा होता. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांब उतार लागतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण ज्याला ठाऊक होतं त्याला विचारलं नव्हतं. सात पायऱ्यांची उंची साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस फूट उतार. तेवढी जागा समोर नव्हती. आपाने काठीने जमिनीवर रेघ ओढून मधे वळण काढून दिलं. पोरांनी फोडलं आणि पुन्हा बांधलं. आता त्यावरून म्हातारे जातात, बाळंतिणी जातात, आचारी बिर्याणीच्या देगा ढकलत नेतात. पायऱ्या रिकाम्याच असतात.

गेल्या वर्षी भाचीच्या निकाहला आपा त्या उतारावरून आत गेली आणि बायकांच्या पंगतीत बसून जेवली. डबा आणावा लागला नाही.

आपल्या बयानांत अपंगांचा विषय निघाला की सब्र सांगितला जातो. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम यांची गोष्टही सांगितली जाते. त्यांना दिसत नव्हतं. रसूलुल्लाह कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते मधेच प्रश्न घेऊन आले, हुजूरांच्या कपाळावर आठी आली आणि त्यावर सूरह अबस उतरली. गोष्ट बहुतेक इथेच थांबते. पुढचा भाग क्वचित ऐकू येतो. हेच सहाबी मदिनेत अजान देत आणि रसूलुल्लाह बाहेर गेले की अनेकदा मदिनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवून जात. मदत मिळाली एवढ्यावर ती गोष्ट संपत नाही, कारभार हाती आला तिथपर्यंत ती जाते.

आणि आमच्या जमातीच्या कमिटीत? अकरा माणसं, सगळी दोन पायांची. उतार बांधल्यावर मी आपाचं नाव सुचवलं होतं. "बघू" असं उत्तर आलं. दोन वर्षं झाली, अजून बघणं चालू आहे. मी दर बैठकीत पुन्हा सुचवतो.

भारतात वाइल्ड पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. आपा म्हणते, आमची पिढी शेवटची. पण चालता न येणाऱ्यांची नाही. माझी साखर वाढलेली आहे, गुडघे कुरकुरतात, मागच्या महिन्यात मशिदीत खुर्चीवर नमाज पढलो. मुलगा आणि सून परवा हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी पडद्याआडून ऐकलं, वरची खोली, जिना आणि "अब्बांची सोय".

मी आपाला फोन केला. ती खूप हसली. मग म्हणाली, "उंबऱ्यापर्यंत जा आणि तोंड उघड. पाय नसताना मी गेले, तुला तर अजून आहेत."

वाचणाऱ्यांना एवढीच विनंती. तुमच्या घरी, मोहल्ल्यात, गावात असं कुणी असेल तर उतार बांधण्याआधी, वर्गणी काढण्याआधी, पाळ्या लावण्याआधी त्याच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा. उत्तर आपल्याला आवडेलच असं नाही. आम्हाला आवडलं नव्हतं.