पाण्याची काच

बारावीला शास्त्रशाखेत मी गटांगळी खाल्ली आणि मग कलाशाखेच्या किनाऱ्याला लागलो. अभ्यास केला नव्हता असे नाही. पण पुस्तक उघडले की 'भ'चा 'म' होतो, 'घ'चा 'ध' होतो, ओळी एकमेकींत शिरतात. घरी त्याला आळस म्हणत. मीही तसेच समजत आलो.

यंदा ग्रंथालयात चाळता चाळता झाक द्युबोशे हे नाव भेटले. हे गृहस्थ स्वित्झर्लंडचे. २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासह मिळाले. स्वतःच्या परिचयात त्यांनी लिहून ठेवले आहे की, १९५५ साली आपण व्हो प्रांतातले पहिले अधिकृत 'डिस्लेक्सिक' ठरलो. म्हणजे अक्षरे त्यांनाही चकवीत होती! मग त्यांचे संशोधन समजून घेतल्याशिवाय मला राहवेना.

पेशीतले रेणू आहेत तसे पाहायचे, तर ते पाण्यातच पाहिले पाहिजेत. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात पोकळी. तिथे पाणी उडून जाते आणि रेणू चुरगळतो. गोठवावे, तर बर्फाचे स्फटिक आड येतात. आईने एकदा फ्रीजरमध्ये विसरलेला टोमॅटो बाहेर काढला, तो काही वेळाने नुसता लगदा झाला. स्फटिकांनी आतून फाडलेला. द्युबोशे यांनी १९८० नंतर हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत पाण्याचा पातळ पापुद्रा द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या इथेनमध्ये झटकन बुडवला. थेट नायट्रोजनमध्ये का नाही? तो उकळतो, आणि त्याच्या वाफेचे पांघरूण वस्तूला ऊब देते. इथेनमध्ये मात्र पाण्याच्या कणांना रांगेत उभे राहायला सवडच मिळत नाही. पाणी काच होऊन थिजते, आणि रेणू त्यात जसाच्या तसा.

पुढेही पंचाईत आहेच. इलेक्ट्रॉनांचा मारा वाढवला तर रेणू होरपळतो, कमी ठेवला तर चित्र धूसर येते. फ्रँक यांनी हजारो धूसर चित्रे जुळवून त्यांतून घनाकृती उभी करण्याची गणिती रीत बसवली. हेंडरसन यांनी १९९० साली एका प्रथिनाची अणूंपर्यंतची रचना दाखवली. २०२० च्या फेब्रुवारीत, आपण टाळेबंदीत दारे लावून बसण्याआधीच, करोना विषाणूच्या काट्याची रचना जगापुढे आली ती ह्याच मार्गाने.

मीही एकच ओळ पाच-सहा वेळा वाचतो, तेव्हा कुठे ती स्थिर होते. त्याची आता लाज वाटत नाही, असे लिहिणार होतो. पण परवाच सरांनी उतारा वाचायला उभे केले, आणि घाम फुटलाच.

हा लेख धाकट्या बहिणीने तपासून दिला आहे. 'द्युबोशे' तिने तीनदा खोडले.