एकलहऱ्याच्या वाटेवर : ट्रॉली जोडताना

नाशिकरोडहून सिन्नर फाट्यावरून एकलहऱ्याकडे वळलात, की औष्णिक वीज केंद्राची धुराडी दुरूनच दिसू लागतात. १९७० साली येथे पहिला वीजसंच सुरू झाला. आता नजर जरा खाली आणा. गोदाकाठचे हिरवे शिवार, ऊस, द्राक्षबागा, भाजीपाला. आणि मालमोटारी, सायकली, शाळेची पोरे यांतून वाट काढणारी तुमची ट्रॅक्टर-ट्रॉली.

पंचवीसएक वर्षांपूर्वी याच वाटेने एका ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मी शिवारफेरीला निघालो होतो. ट्रॉलीच्या दांडीला पिनेऐवजी साधा बोल्ट घातलेला मी पाहिला, पण बोललो नाही. पुढे उतारावर बोल्ट निसटला आणि भरली ट्रॉली चारीत जाऊन आडवी झाली. दांडीवर बसणारा मालकाचा मुलगा थोडा आधी पाणी प्यायला उतरला होता, म्हणून वाचला. त्या दिवसापासून मी मडगार्डवर बसलो नाही, आणि गप्पही बसलो नाही.

बैलगाडी भरताना वडीलधारे काय सांगत? गाडी उलाळ होऊ देऊ नका, जू थोडे दाबते राहू द्या. दोनचाकी ट्रॉलीचे गणित तेच. ओझे आसाच्या मागे गेले, की दांडी हूक वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली शेपटीसारखी झुलू लागते. म्हणून दर क्विंटलमागे १० ते १५ किलो भार दांडीवर येईल असे भरा. चारचाकी ट्रॉलीत मात्र ओझे सारखे पसरा. जड माल तळाशी, हलका वर.

ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडा. वरच्या दांड्याला जोडून ओढाल, तर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन तो मागे उलटू शकतो. हुकाची पट्टी खालच्या दोन दांड्यांवर बसवली असेल, तर बाजूच्या स्टॅबिलायझर साखळ्या किंवा पट्ट्या आवळून घ्या; सैल राहिल्या तर दांड्या डावी-उजवीकडे हेलकावतात आणि त्यांच्याबरोबर ट्रॉलीही. पिन योग्य जाडीची, तिच्या टोकाला खटका, आणि शिवाय एक मजबूत साखळी. पिन दगा देते, तेव्हा साखळीच धरून ठेवते.

रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पायटे एकत्र अडकवा. एकच चाक थांबले, तर मागचे ओझे ट्रॅक्टरला फिरवून टाकते. उताराला लागण्यापूर्वीच खालचा गियर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. ट्रॉली झुलू लागली, तर स्टेअरिंग झटकू नका, ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करा. मागे लाल परावर्तक पट्ट्या लावा.

आणि घरातल्या माउल्यांनो, एक काम तुमच्याकडे. मूल दांडीवर बसलेले दिसले, तर ट्रॅक्टर पुढे जाऊ देऊ नका. निघण्यापूर्वी धन्याला एवढेच विचारा : "पिन पाहिली का? साखळी लावली का?"

मी त्या दिवशी विचारले नव्हते. तुम्ही मात्र विचारा.